विषाणू पसरतात कसे आणि त्यांना अडवायचं कसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी एकच अडचण दिसते: विषाणू कोणत्या वाटेने येतो हे ठाऊक नसतं, आणि मग खबरदारी भलत्याच जागी घेतली जाते. जो आजार हवेतून येतो त्यासाठी फरशी घासली जाते, आणि जो हातांवरून येतो त्यासाठी मास्क लावला जातो. म्हणून उत्तरांत आधी वाट सांगितली आहे, मग उपाय. आजारी असाल तर मात्र डॉक्टरांना दाखवा. या पानावरून स्वतःचं निदान करू नका.

१. विषाणू म्हणजे नेमकं काय? तो जिवाणूपेक्षा वेगळा कसा?

जिवाणू ही एक संपूर्ण पेशी असते. ती अन्न घेते, वाढते, स्वतःची स्वतः विभागते. विषाणूकडे यातलं काहीच नसतं. थोडी जनुकीय सामग्री आणि तिच्याभोवती प्रथिनांचं कवच, एवढाच त्याचा संसार. दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय त्याला एकही प्रत काढता येत नाही. फ्लूचा विषाणू साधारण १०० नॅनोमीटरचा असतो, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेषेत असे दहा हजार विषाणू मावतील.

काही विषाणूंच्या कवचावर स्निग्ध पदार्थाचं आणखी एक आवरण असतं. फ्लू, कोरोना, गोवर, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी हे त्या गटातले. नोरोव्हायरस, रोटाव्हायरस (हे दोन्ही उलट्या-जुलाबांचे), पोलिओ, हिपॅटायटिस ए यांना असं आवरण नसतं. साबण आणि अल्कोहोल या स्निग्ध आवरणावर घाव घालतात, त्यामुळे हा फरक पुढे बऱ्याच ठिकाणी उपयोगी पडणार आहे.

२. विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे कोणकोणत्या वाटांनी जातो?

नाकातोंडातून बाहेर पडणारे तुषार आणि श्वासातले सूक्ष्म कण ही एक वाट (फ्लू, कोरोना, गोवर). विष्ठेतला विषाणू हात, पाणी किंवा अन्न यांतून तोंडात जाणं ही दुसरी (नोरोव्हायरस, पोलिओ, हिपॅटायटिस ए आणि ई). त्याखेरीज रक्त, शरीरसंबंध, त्वचेचा थेट स्पर्श, गर्भावस्थेत, बाळंतपणात किंवा दुधातून आईकडून बाळाकडे, डासासारख्या कीटकाचा दंश आणि प्राण्यांशी आलेला संपर्क.

एका विषाणूच्या वाटा एकाहून अधिक असू शकतात, पण सगळ्या नसतात, आणि दिलासा यातच आहे. डेंगी खोकल्यातून येत नाही, एचआयव्ही हस्तांदोलनातून येत नाही. कोणत्याही नव्या साथीची बातमी आली की पहिला प्रश्न ‘किती भयंकर आहे?’ हा न विचारता ‘येतो कुठून?’ हा विचारावा.

३. दोन मीटर अंतर ठेवलं की हवेतून होणारा संसर्ग टळतो ना?

मोकळ्या हवेत बऱ्याच अंशी, बंद खोलीत नाही. खोकताना, शिंकताना उडणारे मोठे थेंब एक-दोन मीटरच्या आत खाली पडतात. अंतराचा नियम त्यांच्यासाठी आहे. पण बोलताना, गाताना, नुसता श्वास सोडतानाही त्याहून कितीतरी बारीक कण बाहेर पडतात. ते धुरासारखे हवेत तरंगत राहतात आणि कोंदट खोलीत साठत जातात.

याची दोन उदाहरणं मनात ठेवण्यासारखी आहेत. १९७७ मध्ये अलास्कात एक प्रवासी विमान बिघाडामुळे तीन तास जमिनीवरच अडकलं. विमानात ५४ माणसं होती, त्यांतल्या एकाला फ्लू होता, आणि हवा खेळती ठेवणारी यंत्रणा चालू नव्हती. ७२ तासांत ७२ टक्के प्रवासी आजारी पडले. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाची सुमारे अडीच तासांची तालीम झाली. हजर ६१ जणांपैकी एकाला लक्षणं होती. त्याच्यासह ५३ जणांना कोविड झाला, असं नंतरच्या तपासात दिसलं. त्या वेळी सर्वत्र हात धुण्यावर भर होता. तो चुकीचा नव्हता, पण इथे वाट निराळी होती.

गोवर तर याहून चिवट आहे. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावर दोन तासांपर्यंत तिथली हवा संसर्ग देऊ शकते. लस न घेतलेल्या किंवा गोवर न झालेल्या दहा जणांचा रुग्णाशी जवळून संबंध आला, तर त्यांतल्या नऊ जणांपर्यंत तो पोहोचतो.

४. मग खोलीतली हवा सुधारायची म्हणजे काय करायचं?

बाहेरची हवा आत आणायची आणि आतली बाहेर घालवायची. समोरासमोरच्या दोन खिडक्या किंवा एक खिडकी आणि एक दार थोडंसं उघडं ठेवलं, तरी फरक पडतो. बंद खोलीत छताचा पंखा लावून भागत नाही, कारण तो आहे तीच हवा फिरवतो. घरगुती एसीही बहुधा आतलीच हवा थंड करून परत देतो. हवा बाहेर फेकणारा पंखा मात्र कामाचा आहे.

खिडकी उघडण्यासारखी नसेल तर हेपा फिल्टर असलेलं हवा शुद्धीकरण यंत्र वापरता येतं. हे फिल्टर ०.३ मायक्रॉनचे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण ९९.९७ टक्के अडवतात. कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं उपकरणही चांगला अंदाज देतं. मोकळ्या हवेत आकडा ४२० पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतो. खोलीत तो चढत गेला, म्हणजे आपण एकमेकांनी सोडलेली हवा पुन्हा आत घेतो आहोत. वर्गखोल्या, दवाखान्यांतल्या बसण्याच्या जागा, कार्यालयांतल्या बैठकीच्या खोल्या इथे हा आकडा दिसेल असा लावायला हवा, असं मला फार वाटतं. पाणी गढूळ असेल तर डोळ्यांना दिसतं, हवेचं तसं नाही.

५. मास्कचा खरंच उपयोग होतो का? कोणता वापरावा?

श्वासावाटे पसरणाऱ्या विषाणूंसाठी होतो. एन९५ मास्क ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे किमान ९५ टक्के कण अडवतो, मात्र तो चेहऱ्याला चारही बाजूंनी घट्ट बसला पाहिजे. दाट दाढी असेल किंवा नाकाची पट्टी दाबलेली नसेल तर हवा फटीतून आत येते. सर्जिकल मास्क कडेने सैल असतो, पण आजारी माणसाने लावला तर त्याच्याकडून बाहेर पडणारे तुषार चांगले रोखतो.

‘मास्कची भोकं विषाणूपेक्षा मोठी असतात, मग तो अडेल कसा?’ हा प्रश्नही नेहमी येतो. एक तर विषाणू सुटा उडत नाही, थेंबात किंवा कणात बसून येतो. दुसरं म्हणजे एन९५ चाळणीसारखा काम करत नाही. त्याच्या धाग्यांवर विद्युतभार असतो आणि कण त्यांना चिकटतात. म्हणूनच तो धुवायचा नसतो. साबणपाण्याने हा भार नाहीसा होतो आणि मास्क दिसायला नवा राहिला तरी कामाचा राहत नाही. झडप असलेला मास्क आजारी माणसाने लावू नये, कारण बाहेर जाणारा श्वास झडपेतून तसाच जातो.

६. साबणाने हात धुवावे की सॅनिटायझर पुरे?

साबण आणि पाणी मिळत असेल तर तेच. किमान २० सेकंद, बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखांच्या कडा यांसकट. सॅनिटायझर बाहेर असताना सोयीचा; त्यात अल्कोहोल निदान ६० टक्के असावं आणि हात आपोआप वाळेपर्यंत चोळावेत. शुद्ध अल्कोहोल अधिक चांगलं असेल असं वाटणं साहजिक आहे, पण प्रथिनांची मोडतोड होण्यासाठी थोडं पाणी लागतं, म्हणून ७० टक्क्यांच्या आसपासचं मिश्रण जास्त परिणामकारक ठरतं.

हात मळके, तेलकट असतील तर सॅनिटायझर फारसा चालत नाही. आवरण नसलेल्या विषाणूंवर (प्रश्न १), विशेषतः नोरोव्हायरसवर, तो कमीच पडतो. तिथे विषाणू चोळून, पाण्याबरोबर वाहून घालवणं हाच उपाय आहे. शौचानंतर, बाळाचं डायपर बदलल्यावर, स्वयंपाकाला हात लावण्याआधी आणि जेवणाआधी साबणाला पर्याय शोधू नका.

७. दाराच्या मुठी, मोबाइल, पार्सलं यांवर विषाणू किती काळ टिकतो? सगळं पुसत बसायचं का?

प्रयोगशाळेत कोरोनाचा विषाणू प्लॅस्टिक आणि स्टीलवर दोन-तीन दिवसांपर्यंत सापडला. त्या आकड्याने लोक फार धास्तावले. पण प्रयोगात सुरुवातीला ठेवलेला साठा मोठा असतो आणि तो तासागणिक घटत जातो. कोविडचा संसर्ग पृष्ठभागावरून होण्याचं प्रमाण कमी आहे, हे पुढे स्पष्ट झालं. पार्सल पुसत बसण्यापेक्षा ते उघडल्यावर हात धुवावेत.

काही विषाणूंची गोष्ट निराळी. हिपॅटायटिस बी सुकलेल्या रक्तात किमान सात दिवस तग धरतो. नोरोव्हायरसही पृष्ठभागांवर कित्येक दिवस टिकतो.

आणि फ्रीजरवर भिस्त ठेवू नका. गोठवल्याने विषाणू मरत नाहीत. प्रयोगशाळांत ते गोठवूनच जपून ठेवतात. उष्णतेपुढे मात्र त्यांचा टिकाव लागत नाही. पिण्याचं पाणी खळखळून एक मिनिट उकळलं (दोन हजार मीटरहून उंच ठिकाणी तीन मिनिटं) की पुरे.

८. घरात एकाला उलट्या-जुलाब सुरू झाले की एकेक करत सगळे आडवे होतात. हे थांबवता येतं का?

हे लक्षण बहुतेकदा नोरोव्हायरसचं. संसर्गानंतर १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो, आणि अगदी थोडे कण पोटात गेले तरी आजार होतो. उलटी होते तेव्हा बारीक तुषार आजूबाजूला उडतात, म्हणून जिथे डाग दिसतो तेवढंच पुसून भागत नाही.

हातमोजे आणि मास्क घालून उलटीवर कागद टाकावा, बाहेरून आतल्या दिशेने गोळा करून पिशवीत बांधावा. मग ती जागा ब्लीचच्या पाण्याने ओली करून निदान पाच मिनिटं तशीच ठेवावी. ५ टक्क्यांचं घरगुती ब्लीच असेल तर एक लिटर पाण्याला किमान २० मिली. हे पाणी रोज ताजं करा. ब्लीचमध्ये ॲसिड, व्हिनेगर किंवा अमोनिया असलेलं दुसरं काहीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो. कपडे न झटकता शक्य तितक्या गरम पाण्यात धुवा.

आजारी माणसाने बरं वाटल्यावरही निदान दोन दिवस इतरांसाठी स्वयंपाक करू नये. विष्ठेतून विषाणू दोन आठवडे किंवा त्याहूनही जास्त जात राहतो, म्हणून साबणाने हात धुणं तेवढे दिवस सोडायचं नाही. रुग्णाला घोट घोट ओआरएस देत राहा. बाळ किंवा वृद्ध माणूस मलूल झाला, लघवी फार कमी झाली, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या.

९. लक्षणं नसलेला माणूस आजार देऊ शकतो का? किती दिवस वेगळं राहायचं?

देऊ शकतो. फ्लूमध्ये लक्षणांच्या आधी साधारण एक दिवस आणि नंतर पाच ते सात दिवस, गोवरात पुरळ उठण्याआधी चार दिवस आणि नंतर चार दिवस, कांजिण्यांत पुरळाच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. पोलिओची लागण झालेल्या बहुतेकांना तर काहीच जाणवत नाही. सुमारे दोनशेत एकाला लकवा होतो, आणि तोवर विषाणू बराच पुढे गेलेला असतो.

म्हणून अंगात कणकण आली की आजार अंगावर काढत कामावर जाणं हे कौतुकाचं नाही. शेजारी बसणाऱ्याच्या घरी कुणी केमोथेरपी घेत असेल, कुणाचं महिन्याचं बाळ असेल, हे आपल्याला माहीत नसतं. सुट्टी देणं ज्यांच्या हातात आहे त्यांनी हे आधी समजून घ्यायला हवं.

१०. थंडीत भिजलं की सर्दी होते, हे खरं का?

विषाणू नसेल तर नुसत्या थंडीने सर्दी होत नाही. पण जुन्या समजुतीत थोडं तथ्य आहे. सर्दीचे ऱ्हायनोव्हायरस ३७ अंशांपेक्षा नाकातल्या ३३ अंशांच्या आसपास जास्त चांगले वाढतात. थंड, कोरड्या हवेत फ्लूचा विषाणू अधिक टिकतो. आणि थंडीत आपण दारं-खिडक्या लावून एकत्र बसतो (प्रश्न ४).

११. व्हायरल तापात डॉक्टर अँटिबायोटिक का देत नाहीत?

कारण ते लागू पडत नाही. पेनिसिलिनसारखं औषध जिवाणूच्या पेशीभित्तीवर हल्ला करतं. विषाणूला ती नसतेच. उगाच घेतलेल्या अँटिबायोटिकमुळे शरीरातले जिवाणू मात्र त्या औषधाला निर्ढावतात. विषाणूंवर वेगळी औषधं आहेत आणि त्यांचीही वेळ असते. फ्लूवरचं ओसेल्टामिव्हिर पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सर्वांत उपयोगी पडतं. हिपॅटायटिस सी आता ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. ज्यांनी हे निदान ऐकून आशा सोडली आहे त्यांच्यापर्यंत ही बातमी पोहोचवा.

दोन सूचना महत्त्वाच्या आहेत. फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. त्याने मेंदू आणि यकृताला इजा करणारा, क्वचित होणारा पण गंभीर ‘राय सिंड्रोम’ होऊ शकतो. डेंगीची शंका असेल तर ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन टाळा, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

१२. लस घेऊनही आजार झाला. मग घेतली कशाला?

लसीचं पहिलं काम आजार गंभीर होऊ न देणं हे असतं. काही लसी त्याच्या पुढे जाऊन संसर्गही रोखतात. गोवराच्या दोन मात्रा साधारण ९७ टक्के संरक्षण देतात. फ्लूची लस त्यामानाने कमी पडते, कारण विषाणूचं रूप सतत बदलतं. म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते.

शिवाय लस एकट्यासाठी नसते. समाजात सुमारे ९५ टक्के लोकांना गोवराची प्रतिकारशक्ती असली, तर ज्यांना लस देताच येत नाही अशी तान्ही बाळं आणि कर्करोगाचे रुग्णही सुरक्षित राहतात. देवीचा नैसर्गिकरीत्या झालेला शेवटचा रुग्ण १९७७ मध्ये सोमालियात सापडला, आणि १९८० मध्ये देवी जगातून संपल्याचं जाहीर झालं. त्यावर शेवटपर्यंत खात्रीचं औषध नव्हतं. लस आणि रुग्णाच्या संपर्कातली माणसं शोधण्याची चिकाटी, एवढ्यावर ते घडलं.

१३. डेंगीच्या रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवायला हवं का?

माणसांपासून नव्हे, डासांपासून. शेजारी बसून, एका ताटात जेवून डेंगी होत नाही. पण तापाच्या पहिल्या काही दिवसांत रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो. एडिस जातीची मादी त्याला चावली, की साधारण आठ ते बारा दिवसांनी ती इतरांना डेंगी देऊ लागते. म्हणून रुग्णाने दिवसाही मच्छरदाणीत झोपावं. हा डास मुख्यतः दिवसा चावतो.

अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून साठवलेलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून द्यायचं. नुसतं ओतून मात्र पुरत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने जगतात. आतून घासून काढा.

१४. एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाबरोबर राहणं सुरक्षित आहे का?

हो. मिठी, एकत्र जेवण, एकच शौचालय, यांतून एचआयव्ही पसरत नाही. डासांमुळेही नाही, हा विषाणू डासाच्या शरीरात वाढतच नाही. नियमित औषधं घेऊन ज्याच्या रक्तातला विषाणू चाचणीत न सापडण्याइतका कमी झाला आहे, त्याच्याकडून शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराला जात नाही. दूषित सुई टोचली किंवा तसा धोका झाला, तर ७२ तासांच्या आत, खरं तर जितकं लवकर तितकं, प्रतिबंधक औषध सुरू करावं.

हिपॅटायटिस बी रक्तातून कितीतरी सहज पसरतो. दाढीचं ब्लेड, टूथब्रश, नेलकटर वेगळं ठेवा आणि घरातल्या सगळ्यांनी लस घ्या. नवजात बाळाला पहिली मात्रा २४ तासांत मिळाली पाहिजे. रेझर वेगळा असला तरी पंगत एकच असू द्या. या रुग्णांना आजाराइतकंच लोकांच्या दूर सरकण्याने सोसावं लागतं.

१५. कुत्र्याने नुसतं ओरबाडलं, रक्त आलं नाही. तरी इंजेक्शन घ्यायचं?

घ्यायचं. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही, आणि त्याआधी वेळेत उपचार मिळाले तर जवळपास नेहमीच वाचतो. असा दुसरा आजार मला माहीत नाही. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, ही १५ मिनिटं फार लांब वाटतात. मग लगेच लस. चाव्याने कातडी फाटली असेल, किंवा आधीच्या जखमेवर प्राण्याने चाटलं असेल, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं.

‘कुत्रा दहा दिवस जगतो का पाहू’ म्हणून लस लांबवू नका. लक्ष ठेवा, पण लस सुरू करून. वटवाघळाच्या चाव्यालाही हेच लागू आहे, आणि तो चावा कधी कधी दिसतही नाही. धडधाकट कातडीला प्राण्याने चाटलं असेल तर मात्र धोका नाही. जागा धुतली की झालं.

१६. गरोदर बाईने आणि तान्ह्या बाळाच्या घरच्यांनी काय सांभाळावं?

१९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञांच्या लक्षात आलं, की मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या अनेक बाळांच्या आयांना गरोदरपणात रुबेला झाला होता. आईला किरकोळ पुरळ आणि बाळाला आयुष्यभराची इजा, असा हा आजार. त्याची लस गर्भधारणेच्या निदान एक महिना आधी घ्यायची असते. ती जिवंत विषाणूची असल्याने गरोदरपणात देत नाहीत. फ्लूचं इंजेक्शन मात्र गरोदरपणात घेता येतं आणि घ्यावं.

बाळाला ओठांवर पुटकुळ्या असलेल्या कुणालाही मुका घेऊ देऊ नका. तो हर्पिसचा विषाणू असतो आणि नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकतो. पाहुणा कितीही जवळचा असला तरी नाही म्हणा.

१७. आजोबांना नागीण झाली आहे. नातवाला नागीण होईल का?

नागीण होणार नाही, पण कांजिण्या होऊ शकतात. दोन्हींचा विषाणू एकच. लहानपणी कांजिण्या बऱ्या झाल्यावर तो मज्जातंतूंच्या गाठींत दबा धरून बसतो आणि वय झालं की नागीण म्हणून बाहेर पडतो. ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही मिळालेली नाही, त्याला फोडांतल्या पाण्याच्या संपर्कातून कांजिण्या होतात. फोड कापडाने झाकून ठेवले तर धोका बराच कमी होतो, खपली धरली की संपतो. तोवर आजोबांनी तान्ही बाळं आणि कांजिण्या न झालेल्या गरोदर बायका यांच्यापासून दूर राहावं.

१८. बरेच महिने बंद असलेल्या खोलीत उंदरांच्या लेंड्या आहेत. झाडून काढल्या तर चालेल ना?

कोरडा झाडू अजिबात नको, व्हॅक्यूमही नको. काही जातींच्या उंदरांच्या लघवीत आणि लेंड्यांत हंता विषाणू असतो, आणि झाडताना उडालेल्या धुळीतून तो श्वासात जातो. आधी दारं-खिडक्या उघडून बाहेर या आणि अर्धा तास हवा खेळू द्या. मग हातमोजे घालून लेंड्यांवर ब्लीचचं पाणी (एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी) फवारा, पाच मिनिटं भिजू द्या आणि ओल्या कागदाने टिपून घ्या. नंतर फरशी ओल्या फडक्याने पुसा. त्यानंतरच्या आठ आठवड्यांत ताप, अंगदुखी आणि धाप लागली, तर ही खोली साफ केल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी.